माणसं: शून्य

१

हे लिहायला मला धाकट्या भावाने बसवलंय. रोज संध्याकाळी त्याचं एकच टुमणं, "दादा, एकदा सगळं सलग लिहून काढ, तुकड्यातुकड्यांनी ऐकून माझं डोकं उठलंय." डोकं याचं उठणार आणि हात माझा दुखणार. शाळेशी माझं कधी पटलं नाही. चौथीनंतर मास्तरांनी माझा आणि मी मास्तरांचा नाद सोडला. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढायला बसलेल्यांनी आत्ताच उठावं. यात एक सासरा येतो, तो मीच. पण पानोपानी मी मी करणारी माणसं मला आवडत नाहीत, म्हणून त्याला सासराच म्हणतो.

तर सासरा धंद्याने रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. बायको गेली, मागोमाग गुडघे गेले, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आमच्याकडे या." लेक शेंडेफळ, म्हणून तिला बारकी म्हणायचे. आता अंगाने चांगली भरली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सासऱ्याने आपलं घर विकलं आणि ब्रशांची पेटी घेऊन लेकीकडे आला. परत जायला जागा उरली नाही. लेकीच्या घरात आपल्याला जो कोपरा मिळाला तो शेवटचा, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तोंड तिखट असलं तरी तो पाय जपून टाकायचा.

जावई फोटोवाला. लग्नाकार्यातला नव्हे. तो रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून एका परदेशी कंपनीच्या साइटवर चढवायचा. रिकाम्या खोलीचा फोटो कोणाला लागतो? गादी विकणाऱ्याला लागतो, दवाखान्याच्या पत्रकाला लागतो, मन शांत कसं ठेवावं हे शिकवणाऱ्या पुस्तकाला तर हमखास लागतो. असा फोटो विकला गेला की जावयाला वाटा मिळायचा आणि त्यावर घर चालायचं. घराची मागची खोली, जिथे उजेड चांगला यायचा, ती याच कामाला मोकळी ठेवलेली. सासऱ्याने भिंत रंगवायची, कधी निळी, कधी सायीसारखी. जावयाने तीच खुर्ची नि तोच पडदा इकडचा तिकडे करायचा, की झाली नवी खोली तयार. फोटो चढवताना माहिती भरावी लागायची, त्यात एक रकाना होता: माणसं किती? तिथे जावई न चुकता शून्य घालायचा. फोटोत माणूस आला तर चेहरा विकायला त्याची सही लागते. ती कटकट नको म्हणूनच तर तो रिकाम्या खोल्यांच्या मागे लागलेला.

त्याची एक सवय होती. कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये लावायचा, डोळा त्याला चिकटवायचा आणि ओरडायचा, "आत कोण आहे?" कारण दारामागचा कोपरा त्याला तिथून दिसत नसे आणि कधी बारकी, कधी सासरा तिथून अचानक फोटोत यायचे. एकदा सासरा हातात ब्रश घेऊन दारामागेच उभा होता. त्याने आतून ठणकावलं, "कोणी नाही!" जावई खो खो हसला. त्या दिवसापासून ती रीतच पडली. जावयाने विचारायचं, सासरा घरात कुठेही असला, अगदी अंगाला साबण लावून बसला असला तरी, त्याने "कोणी नाही" म्हणायचं, आणि जावयाने बटण दाबायचं.

उत्तर येतंय म्हणजे कोणीतरी आहे, हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही. पण घरातली गंमत कोण तपासत बसतो?

२

मध्ये सासऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. धाकट्या भावाच्या गावातला डॉक्टर चांगला म्हणून सासरा तिकडे गेला, ऑपरेशन झालं, डोळा बरा होईपर्यंत भावाकडेच राहिला. काळा चष्मा लावून लेकीकडे परतला तेव्हा दारातच त्याला कळलं की घरात काहीतरी बिनसलंय. जावयाने "आलात का" सुद्धा म्हटलं नाही. टेबलावर कॉम्प्युटर उघडा, आणि हा पिंजऱ्यातल्या जनावरासारखा खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालतोय.

"काय झालं, जावईबापू?"

"खातं बंद केलं त्यांनी."

"कोणी?"

"कंपनीने. सगळे फोटो काढून टाकले. एवढ्या वर्षांचं काम, बाबा, एका रात्रीत गायब."

"असं कसं? कारण काय दिलं?"

"तेच तर देत नाहीयेत!"

त्याने पत्र वाचून दाखवलं. तुमचं खातं स्थगित करण्यात आलं आहे, नियमांचा भंग झाला आहे, कोणत्या नियमाचा ते सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही, दुसरं खातं उघडू नये, तुमच्या सहकार्याबद्दल आभार. जावयाने उत्तर लिहिलं. क्षणात परत तेच पत्र आलं. त्याने विनवणी केली, पुन्हा तेच. साइटवर बोलायची एक चौकट होती, तिथे एक बाई की यंत्र कोण जाणे, दर वेळी म्हणायची, "तुमची अडचण मला समजते." सासरा म्हणाला, "समजते तर सोडव म्हणावं." जावयाने त्याच्याकडे असं पाहिलं की सासऱ्याने काठी उचलली आणि स्वयंपाकघर गाठलं.

तिथे बारकी भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, "त्याला छेडू नका, बाबा. आणि आता चहा मागू नका, आत्ताच तर दिलाय."

सासरा प्रवासातून नुकता आला होता. अजून पायातली वहाणसुद्धा त्याने काढली नव्हती. पण लेकीचंही डोकं ठिकाणावर नसेल, म्हणून तो वहाण काढायला बाहेर गेला.

३

हाताला काम नसलं की सासऱ्याला भिंती दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी तो मागच्या खोलीत गेला. नवा डोळा लख्ख दिसत होता. भावाकडे जाण्याआधी त्याने स्वतः भिंतींना फिकट हिरवा रंग दिलेला, दोन हात, मध्ये कागदाने घासून. खिडकीशेजारच्या भिंतीजवळ फोटोची खुर्ची होती. खुर्चीच्या वर भिंतीवर एक डाग होता.

रंगाऱ्याला असले डाग ओळखू येतात. म्हातारं माणूस रोज एकाच जागी भिंतीला डोकं टेकून बसलं की केसांचं तेल रंगात मुरतं. मधोमध काळपट, कडेला पिवळट. असे डाग त्याने कितीतरी घरांत पुसले होते. ते महिन्यामहिन्यांच्या बसण्याने पडतात. आणि हा रंग तर जेमतेम काही आठवड्यांचा.

सासऱ्याला वाटलं, ओल असेल. हात लावला, भिंत कोरडी. वाटलं, जावयाने काही टेकवून ठेवलं असेल. वास घेतला. त्याच्याच उशीला येतो तसला वास आला, कापूर घातलेल्या तेलाचा.

मग त्याने करू नये ते केलं. खुर्चीत बसून डोकं मागे टेकवलं. डाग बरोबर डोक्याखाली आला. इंचभर वर नाही, इंचभर खाली नाही. खुर्चीच्या गादीला डावीकडे खोल खळगा होता, आणि सासऱ्याचं खुब्याचं हाड जुनं दुखावलेलं म्हणून तो डावीकडे कलूनच बसतो. मापाचा जोडा पायात जावा तसा तो त्या खळग्यात बसला. गादी ऊबदार लागली. ऊन पडलं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. मग पाहिलं, ऊन अजून खिडकीच्या चौकटीवरच होतं.

तो उठला, पेटीतून ब्रश काढला आणि डागावर रंगाचा हात मारला. वाळला तसा डाग पुन्हा वर आला. तेलाचे डाग असेच वर येतात, आधी अस्तर द्यावं लागतं, त्यात नवल नाही. हे तो तीनचारदा पुटपुटला.

४

कंपनीकडून शेवटी एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं. जावयाने सगळ्यांना हाक मारली.

पत्रात सरळ लिहिलं होतं. तुम्ही गेल्या काही आठवड्यांत चढवलेल्या प्रत्येक फोटोत एक व्यक्ती आहे, ती ओळखू येते, आणि तुम्ही मात्र शून्य लिहिलं आहे. ही फसवणूक आहे. त्या व्यक्तीचं सहीचं संमतिपत्र आणि आताचा फोटो पाठवल्यास खातं पुन्हा सुरू करता येईल. सोबत एक फोटो जोडला होता, हिरव्या भिंतीचा, आणि त्यावर लाल गोल. गोलात खुर्ची होती.

"रिकामी आहे," जावई म्हणाला. "रिकामी आहे की नाही? बारकी, तू सांग."

बारकी वाकून बघत होती. 

जावयाने फोटो मोठा केला, अंधाऱ्या जागा उजळल्या. माणूस काही दिसला नाही. दिसला तो खुर्चीमागचा भिंतीवरचा डाग आणि गादी. गादी दाबलेली होती, बसलेल्या माणसाच्या वजनाखाली दाबलेली असते तशी, डावीकडे जास्त. त्याने दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. पडदा वेगळा, कपाट वेगळं, गादी तशीच दाबलेली.

जावई हळूहळू सासऱ्याकडे वळला.

"बाबा, असं डावीकडे कलून आपल्या घरात कोण बसतं?"

"मी बसतो. पुढे?"

"तुम्ही मुद्दाम बसायचात तिथे? मी ओरडून विचारतोय, आत कोण आहे, आणि तुम्ही आतून म्हणताय कोणी नाही. गंमत म्हणून? माझ्या पोटावर पाय आला, बाबा!"

"तोंड सांभाळा. हे फोटो कधीचे?"

जावयाने सांगितलं.

"तेव्हा मी डोळ्याला पट्टी बांधून भावाच्या घरी पडलेलो. तुम्हीच गाडीत बसवून दिलंत ना?"

जावयाला ते आठवलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पण उत्तर यायचं. रोज यायचं. तुमचाच आवाज."

आणि तेव्हा बारकी बोलली. लहान मुलाला समजावतात तशी. "बाबा, तुम्ही मध्येच परत आला होतात की. मी रोज चहा द्यायचे तुम्हाला, तिथेच, खुर्चीत. तुमच्या लक्षात राहत नाही हल्ली."

५

सासऱ्याने भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "इथून हललाच नाहीस तू, दादा. हलणार कसा, संडासाला सुद्धा मी हात धरून न्यायचो." सासऱ्याला जरा बरं वाटलं. मग वाटलं, भाऊ तरी कुठे तरुण आहे? त्याला वार तरी आठवतो का? रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. माणसाला आपण कुठे होतो हे दुसऱ्याला विचारावं लागावं, यापरीस डोळे गेलेले बरे.

सकाळी तो म्हणाला, "परीक्षा घ्या. मी तुमच्या शेजारी उभा राहतो, तुम्ही ओरडा."

तिघं पॅसेजमध्ये उभे राहिले. सासऱ्याने ओठ घट्ट मिटले, वर हातही ठेवला. जावई ओरडला, "आत कोण आहे?"

खोलीत पडदा हलला, वाऱ्याने. बाकी काही नाही. जावयाने पुन्हा हाक दिली. कोणी काही बोललं नाही.

जावयाचे खांदे सैल पडले. "बघा. तुम्ही बाहेर, तर आवाज नाही. झालं ना सिद्ध?"

"काय सिद्ध झालं?"

"तुम्हीच होतात."

सासरा वकील असता तर यावर काहीतरी बोलला असता.

त्यानंतर बारकी त्याच्या मागे लागली. सही करा, एका सहीने सगळं सुटतंय. खोटी सही करायची नाही, तो म्हणाला, मी तिथे नव्हतो. ती म्हणाली, "मग घर कशावर चालवू, तुम्हीच सांगा. याला झोप नाही, मला झोप नाही. तुम्हाला इथे राहायचंय ना, बाबा?"

ती हे रागाने बोलली असती तर चाललं असतं. ती मायेने बोलली.

सासऱ्याने सही केली. फोटो हवा म्हणून त्याला त्याच खुर्चीत, त्याच भिंतीला टेकवून बसवलं. "जरा हसा," जावई म्हणाला. सासरा हसला नाही. डोक्यामागची भिंत थंड असायला हवी होती, ती थंड नव्हती.

संध्याकाळपर्यंत खातं उघडलं. जुने फोटो एकेक करून परत दिसायला लागले. जावयाने हिरव्या भिंतीच्या प्रत्येक फोटोखाली जुना आकडा खोडून नवा घातला: एक.

६

दुसऱ्या दिवशी घरात गाणी लावलेली होती. जावई शीळ घालत होता. सासऱ्याला म्हणाला, "बाबा, भिंत आता पिवळी करू." सासरा रंग आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दुकानदाराशी रंगाच्या छटेवरून थोडं भांडण केलं, त्यामुळे जरा हुशारी आली. दुपारच्या टळटळीत उन्हात डबा घेऊन जिना चढला. दार लोटलेलंच होतं. त्याने पाय आत टाकला आणि पॅसेजच्या टोकाला पाठमोरा जावई दिसला, डोळा कॅमेऱ्याला लावलेला.

"आत कोण आहे?" जावई ओरडला. नुसती सवय.

सासऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात खोलीतून आवाज आला. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ऐकू येत नाही, म्हणून तो ओळखायला सासऱ्याला थोडा वेळ लागला. वाक्याच्या शेवटी घशात अडकणारी खरखरसुद्धा तीच.

"मी आहे," आवाज म्हणाला. "चालू द्या तुमचं."

याआधी तो कोणी नाही म्हणायचा.

"बरं, बाबा," जावई म्हणाला, "जरा उजेडाकडे सरका." आणि बटण दाबलं.

सासऱ्याला तिथून दारातून खोलीची एक फाक दिसत होती. भिंत, डाग, खुर्चीचा अर्धा भाग. खुर्चीत कोणी नव्हतं. गादीचा खळगा मात्र जागचा हलला. एका बाजूने फोम हळूहळू वर आला, दुसऱ्या बाजूने खाली बसला, सावकाश, गुडघे दुखणारं माणूस सरकून बसतं तसा.

स्वयंपाकघरातून बारकी आली. हातात कप होता. सासऱ्याच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर त्याच्या हाताला घासला. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आत गेली. "गरम आहे, जपून," असं तिचं बोलणं ऐकू आलं. परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

सासऱ्याच्या हातातला रंगाचा डबा जमिनीवर आदळला. त्या आवाजाने जावयाने मागे वळून पाहिलं. त्याने दारातल्या सासऱ्याकडे पाहिलं. मग खोलीत पाहिलं. मग पुन्हा सासऱ्याकडे.

सासऱ्याने ब्रशांची पेटीही घेतली नाही. आला तसा जिना उतरला आणि थेट भावाकडे आला.

७

काही दिवसांनी जावई भावाच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, कॅमेरा जवळ नाही. भावाने पाणी दिलं ते हातातच राहिलं. म्हणाला, "बाबा, चुकलो मी. तुमच्यावर आळ घेतला. पाया पडतो." आणि खरंच पडला. सासरा कितीही खडूस असला तरी पायाशी बसलेल्या माणसावर डाफरत नाही. त्याने त्याला उठवलं.

"बारकीला घेऊन या इकडे," सासरा म्हणाला. "आणि ती खोली सोडा."

"ती येत नाही. म्हणते, बाबांना एकटं टाकून कशी येऊ?"

"अहो, बाबा इथे बसलेत की!"

"मी सांगितलं तिला. हसली नुसती." जावयाने आवाज खाली आणला. "मी आता बाहेरच्या खोलीत झोपतो. मी विचारत नाही हो, आत कोण आहे म्हणून. तरी आतून उत्तर येतं."

तो गेल्यावर सासऱ्याने भावाचा फोन घेतला आणि लेकीला लावला.

"बोला काका," बारकी म्हणाली. काकाचा नंबर दिसला असणार.

"काका नाही. मी बोलतोय."

"मी कोण?"

"तुझा बाप, बारके."

ती हसली. लहानपणी हसायची तशी, नाकातून. "काय काका, या वयात चेष्टा! किती हुबेहूब आवाज काढता हो बाबांचा. थांबा, त्यांनाच ऐकवते." मग फोन बाजूला धरून तिने हाक मारली, "बाबा, ऐका तरी, काका तुमची नक्कल करतायत!"

पलीकडे खुर्ची करकरली. कोणीतरी उठून फोनकडे यायला लागलं, एक पाय जरा ओढत. सासऱ्याने फोन बंद केला. तो आवाज कानाशी येऊन काय बोलेल, ते त्याला ऐकायचं नव्हतं.

तर भावा, हे झालं सलग. आता पुन्हा विचारू नकोस. जावयाने माफी मागितली, त्याचं माझ्याकडचं खातं मिटलं. कंपनीवाल्यांना त्या फोटोंत कोण दिसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांच्याकडून मला काही नको. पण बापाला तोंडावर विसरभोळा ठरवलं, हातात पेन देऊन सही करायला लावली, आणि भर दुपारी त्याच्या अंगाला घासून गेली तरी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याची माफी अजून यायची आहे. मागितलीही असेल तिने एव्हाना. मनाने चांगली पोर आहे. चहा द्यायला आत गेली असेल, खुर्चीजवळ बसली असेल, म्हणाली असेल चुकलं माझं, आणि तिकडून तिच्या डोक्यावरून हातही फिरला असेल. माझ्यापर्यंत काही आलेलं नाही. मी वाट बघतोय ती बारकीची.